खिडकीकडचे, दाराकडचे

शुक्रवारी शेवटच्या तासाला पद्मजा कर्णिक यांच्या वर्गातली मधली बाकं उचलून दोन्ही भिंतींना लावली जातात. एका बाजूला खिडक्या आहेत. तिथून जुना मुंबई-पुणे रस्ता, दोन गॅरेज आणि एका ढाब्याची मागची बाजू दिसते. दुसऱ्या बाजूला दार आणि व्हरांडा. फळ्यावर एक प्रश्न लिहिलेला असतो. ‘हो’ म्हणणाऱ्यांनी खिडकीकडे बसायचं, ‘नाही’ म्हणणाऱ्यांनी दाराकडे. ज्याचं काहीच ठरत नाही त्याला उभं राहावं लागतं, त्यामुळे बहुतेकांचं लवकर ठरतं. मध्येच बाजू बदलता येते. का बदलली ते मात्र सांगावं लागतं.

बाई स्वतः टेबलापाशी असतात. वीसेक वर्षं त्या हा तास घेत आहेत आणि इतक्या वर्षांत त्या कधी खिडकीकडे किंवा दाराकडे बसल्या नव्हत्या. गेल्या जूनमध्ये पहिल्यांदा बसल्या.

चौक गावाजवळच्या या कनिष्ठ महाविद्यालयात कला शाखेला तत्त्वज्ञान हा विषय घेता येतो. घेणारे फारसा विचार करून घेत नाहीत. भूगोलाची तुकडी भरलेली असते, किंवा मोठ्या भावाने सांगितलेलं असतं की यात पाठांतर कमी आहे. मुलं कुंभिवली, खालापूर आणि रस्त्यालगतच्या गावांतली. घरी भाताची थोडी जमीन, वडील कंपनीत नाहीतर टेंपोवर. बाई दहिवलीहून स्कूटरवर येतात. त्यांचे वडील कर्जतच्या कोर्टात वकील होते. रात्रीच्या जेवणाला ते मुलीला कुठल्याशा विषयावर वाद घालायला लावत आणि ती जिंकायला लागली की म्हणत, “आता उलटी बाजू मांड.” मुलीला त्यातली दुसरी फेरी जास्त आवडे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी पुस्तकातूनच शिकवलं. गाडी सुसाट येते आहे, एका रुळावर पाच माणसं, दुसऱ्यावर एक. खटका तुमच्या हातात आहे, काय कराल? हे उदाहरण जगभर शिकवलं जातं. कुंभिवलीच्या एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, “बाई, पण गेटमन कुठं गेलता?”

वर्ग हसला. बाईही हसल्या आणि घरी गेल्यावर त्यांना वाटलं, पोराचं बरोबर आहे. त्याच्या आयुष्यात असा खटका कधी येणार नाही. जे येणार आहे त्याबद्दल पुस्तक गप्प आहे. पुढच्या शुक्रवारी त्यांनी सांगितलं, आता प्रश्न तुम्ही आणा. घरात, गावात खरोखर घडलेला. नाव घ्यायचं नाही. आणि ‘देव बघतो’ किंवा ‘कायद्यात असं आहे’ एवढ्यावर उत्तर संपवायचं नाही.

प्रश्न आले. फार्महाऊसची राखण करणाऱ्या माणसाच्या मुलीने विचारलं, मालक महिन्यातून एकदा येतो, मधल्या काळात गळलेले आंबे कोणाचे? गॅरेजवर काम करणाऱ्या एकाने विचारलं, गिऱ्हाईक पुण्याचं आहे, परत कधी दिसणार नाही, पट्टा अजून सहा महिने चालेल, तरी ‘बदला’ म्हणावं का? एका मुलीने सांगितलं की भातलावणीला आदिवासी वाडीवरून येणाऱ्या बायांसाठी तिच्या घरी वेगळे कप आहेत. तिने सगळे एकत्र घासून एकाच फळीवर ठेवले, आईने काही न बोलता पुन्हा वेगळे केले. आता पुढे काय करावं? त्या दिवशी तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठलं नाही.

मुलं भांडून दमली की शेवटची दहा मिनिटं बाई घेतात. हाच वाद पूर्वी कोणी घातला आणि कसा, ते सांगतात. एक जर्मन पंडित होता, त्याचं म्हणणं खोटं कधीच बोलू नये, समोर कोणीही असो. एक इंग्रज होता, तो म्हणे आधी परिणाम बघा, कोणाचं किती भलं होतं आणि किती वाईट. नावं परीक्षेपुरती पाठ होतात. एरवी वर्गात ‘जर्मन’ आणि ‘इंग्रज’ एवढंच चालतं. “जास्त जर्मन होऊ नको रं” हे वाक्य चौकच्या स्टँडवरही ऐकू येतं.

मागच्या जानेवारीत अकरावीच्या देवेशने प्रश्न आणला तो असा. घरासमोर मांडव आहे. लग्नाच्या दिवशी सकाळीच भावकीतलं माणूस जातं. अक्षता पडेपर्यंत नवरीला सांगायचं नाही असं घरचे ठरवतात. सांगावं का?

हा प्रश्न बाईंना नवा नव्हता. दर दोन-तीन वर्षांनी तो येतो, कारण या गावांत असं घडतं. त्यामागे नुसती दया नसते, हिशेबही असतो. सुतक माणूस गेल्यापासून नव्हे, कळल्यापासून धरतात. घरच्या इतरांना कळलं तरी त्याकडे काणाडोळा करतात, पण नवरीच्या कानावर गेलं की तिला सुतक लागलं, आणि सुतकात लग्न लागत नाही. कानावर गेलं नाही तर मुहूर्त साधतो. म्हणजे इथे एका वाक्यावर सगळा मांडव उभा असतो.

साईराज दाराकडे जाऊन बसला. “बाई, सांगितलंच नाय तर खोटं कुठं झालं?”

“आणि तिनं विचारलं तर?” खिडकीकडून समिधा म्हणाली.

“तर बरे हायेत म्हणायचं.”

“मग ते खोटं नाय?”

“खोटं हाय. पण चांगलं खोटं हाय.”

“चांगलं खोटं म्हणजे काय रं, चांगली खरूज?”

देवेश दाराकडे होता. हजार माणूस जेवायला येणार, नवऱ्याकडची मंडळी निघालेली, मेलेलं माणूस तर परत येत नाही; मग एका दिवसाने काय बिघडतं, असं त्याचं म्हणणं. त्याच्या बाजूला खूप गर्दी झाली.

बाईंना तेव्हा त्याची बहीण आठवली. तीन वर्षांपूर्वी अपेक्षा याच वर्गात होती आणि याच प्रश्नाला खिडकीकडे एकटी बसली होती. समोरच्या भरलेल्या बाकांना तिने सांगितलं होतं, “मला सांगायचं. लग्न माझं, गेलेलं माणूस माझं. काय करायचं ते मी ठरवीन.” कोणीतरी म्हणालं होतं, “तुझ्या लग्नात आचारी पण तूच होशील.” ती हलली नव्हती.

त्याच अपेक्षाचं लग्न मे महिन्यात कुंभिवलीत होतं. नवरा मुलगा स्वराज, नेरळकडचा. बाईंना पत्रिका द्यायला ती स्वतः दहिवलीला आली होती.

लग्नाच्या दिवशी बाई पोचल्या तेव्हा डीजे सुरू होता. देवेश फाटकावर उभा होता, नव्या कुर्त्यात, हात मागे बांधून. बाईंनी स्कूटर बंद केली तसा तो जवळ आला.

“बाई, आबा गेले. पहाटे. पनवेलला, हॉस्पिटलात.”

आबा म्हणजे त्याचे मोठे चुलते, गोमा. त्यांना मूलबाळ नव्हतं. अपेक्षा त्यांच्याच खांद्यावर वाढली. कॉलेजची दोन वर्षं ती त्यांच्याच टेंपोतून चौकला यायची. ते रस्त्याच्या पलीकडे टेंपो थांबवून, ती आत जाईपर्यंत बघत बसायचे. चार दिवसांपूर्वी त्यांना दवाखान्यात नेलं होतं.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“बाबांना, मला, इष्णूकाकांना. आणि काकीला.”

काकी म्हणजे गोमांची बायको, गौराबाई. बाईंनी मांडवाकडे पाहिलं.

“काकीनंच ठरवलं,” देवेश म्हणाला. “बाबा रडायलाच लागले होते. ती म्हणाली, अक्षता पडू द्या, मग काय रडायचं ते रडा. हिरवी साडी नेसून अपेक्षाजवळ बसली हाय.” मग तो आवाज खाली करून म्हणाला, “बाई, ताई सकाळपासून तुमचं नाव काढतेय. ती तुमाला विचारणार. तुमी नुसतं बरे हायेत म्हणा. तुमचं खरं वाटेल तिला.”

“म्हणून तर अडचण आहे.”

“बाई, आज जर्मन नका होऊ.”

त्याने स्कूटरला हात घातला. “आत लावतो, सावली हाय.”

“राहू दे. इथेच बरी आहे.” त्यांनी स्कूटर वळवून फाटकाबाहेर, रस्त्याकडे तोंड करून लावली आणि आत गेल्या.

आतल्या खोलीत पार्लरची बाई अपेक्षाचा अंबाडा घालत होती. गौराबाई शेजारी पाटावर बसून एकेक पिन पुढे करत होत्या. अंगावर हिरवी साडी, कपाळावर कुंकू, केसात गजरा. बाई आल्या तसं त्यांनी मान वर केली आणि एकदा नजर दिली. त्या नजरेचा अर्थ लावायची गरज नव्हती.

“बाई, बरं झालं आलात,” अपेक्षा आरशातूनच म्हणाली. “आबा कसे हायेत वो? कोणी धड सांगत नाय. फोन लावा म्हटलं तर बाबा म्हणतात तिथं रेंज नाय.”

“बरे हायेत म्हणून सांगितलं ना गं तुला,” गौराबाई म्हणाल्या. “बाईंना काय म्हाईत? आत्ता येतायत त्या.”

“काकी, तू थांब. बाई, फाटकावर तुमाला देवेश भेटला ना? काय म्हणाला?”

पद्मजा कर्णिक नंतर सांगत होत्या की त्या क्षणी त्यांना जर्मन आठवला नाही आणि इंग्रजही नाही. खिडकीकडच्या बाकावर एकटी बसलेली मुलगी आठवली. खोटं बोललं तर त्या मुलीचा शब्द मोडतो. खरं सांगितलं तर शेजारी बसलेल्या बाईने पहाटेपासून ज्यासाठी रडू आवरून धरलं होतं, ते मोडतं. आणि ठरवायचं कोणी, हे तर त्या मुलीने तीन वर्षांपूर्वीच सांगून ठेवलं होतं.

“अपेक्षा,” त्या म्हणाल्या, “वर्गात एकदा मांडवाचा प्रश्न आला होता. तू कुठे बसली होतीस?”

अपेक्षाचे डोळे आरशात थांबले. “खिडकीकडं.”

“आज कुठे बसशील?”

पार्लरची बाई म्हणाली, “ताई, मान हलवू नका हां.”

अपेक्षाने मान हलवली नाही. आरशात तिला स्वतःच्या खांद्यामागे गौराबाईंचा हात दिसत होता, पिन धरलेला. ती त्या हाताकडे बघत राहिली. बाहेर डीजेवाल्याने गाणं बदललं. मग ती म्हणाली, “दाराकडं, बाई.”

आणि थोड्या वेळाने, “देवेशला सांगा, डीजे बंद कर म्हणावं. माझं डोकं दुखतंय.”

डीजे बंद झाला. नाचणारी पोरं कुरकुरली. नवरीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर कोणाचं काही चाललं नाही. दुपारच्या मुहूर्तावर, एरवी कुंभिवलीत कधी नसते इतक्या शांततेत, अक्षता पडल्या.

इथपर्यंत सगळं निभावलं होतं. पुढे चूक झाली ती अपेक्षाकडून, आणि ती एका वाक्याची. हार घालून झाल्यावर साईनाथ, म्हणजे तिचे वडील, तिला घरात घेऊन गेले आणि त्यांनी सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती म्हणाली, “आबा गेले ते मला म्हाईत हाय, बाबा.” दारात नवऱ्याकडच्या दोन मावश्या उभ्या होत्या.

जेवणाच्या पंगतीत वरण पोचायच्या आधी ही गोष्ट पोचली. नवरीला आधी माहीत होतं. म्हणजे तिला सुतक होतं. म्हणजे सुतकात लग्न लागलं. नवऱ्याकडचे थोरले उठून आले आणि मांडवाच्या खांबापाशी उभे राहिले. भांडायला आले नव्हते, पण उत्तर हवं होतं. स्वराज म्हणाला, “जाऊ द्या ना मामा.” मामांनी त्याला बसायला सांगितलं. हे लग्न धरायचं की नाही, असा प्रश्न त्या खांबापाशी उभा राहिला, आणि अपेक्षा गळ्यात हार घेऊन उंबऱ्यात तो ऐकत होती.

भावकीतले वडीलधारे विष्णूकाका पुढे झाले. “कोणी सांगितलं पोरीला?” देवेशने खाली पाहिलं. साईनाथ पद्मजा कर्णिकांकडे बघू लागले.

“बाई, तुमी सांगितलंत?” विष्णूकाकांनी विचारलं.

इथे ‘नाही’ म्हणता आलं असतं, आणि ते शब्दशः खरंही होतं.

“सांगितलं नाही,” बाई म्हणाल्या. “विचारलं. पण तिला समजावं म्हणूनच विचारलं.”

“म्हणजे सांगितल्यासारखंच झालं की,” मामा म्हणाले.

“हो. जवळजवळ.”

साईनाथांनी डोक्याला हात लावला. तेव्हा गौराबाई आतून आल्या. गजरा अजून केसात होता. त्यांनी पदर खोचला आणि विष्णूकाकांना नव्हे, सरळ मामांना विचारलं.

“माझा माणूस गेला. सुतक पहिलं कोणाला? मला. मी पोरीला सांगितलं का? नाय. तिच्या बापानं सांगितलं? नाय. ह्या बाईंनी काय इचारलं ते मी शेजारी बसून ऐकलंय. शाळेत कोणत्या बाकावर बसायचीस, असं इचारलं. बाक इचारलं म्हणून सुतक लागतं का वो तुमच्याकडं?”

कोणी हसलं नाही, पण दोघांनी मिशीवरून हात फिरवला.

“पोरगी हुशार हाय, तिनं वळखलं,” गौराबाई म्हणाल्या. “वळखलं तर वळखलं. सुतक ऐकल्यापासून धरतात. वळखल्यापासून धरतात असं कोणी सांगितलं असेल तर पुढं या.”

पुढे कोणी आलं नाही. विष्णूकाकांनी मामांकडे पाहिलं, मामांनी आकाशाकडे. “ऐकलं नाय म्हणजे नाय,” विष्णूकाका म्हणाले, आणि मामांनी मान डोलावली. पंगत पुढे सुरू झाली, घाईने. गौराबाई घरात गेल्या. त्यांच्या मागोमाग अपेक्षा गेली आणि कोणीतरी दार लोटलं. मग आतून रडण्याचा आवाज आला. अंगणात बसलेल्यांनी पानावरून नजर वर केली नाही.

संध्याकाळी गोमांना पनवेलहून थेट नदीवरच्या स्मशानात नेलं. अपेक्षा दारातूनच नदीच्या दिशेने हळदीच्या हातांनी नमस्कार करून सासरी गेली.

साईनाथ अजून पद्मजा कर्णिकांशी बोलत नाहीत. रस्त्यात दिसल्या तर दुसरीकडे बघतात. बाईंना ते चुकीचं वाटत नाही. “त्यांच्या दारात त्यांच्या मुलीचं लग्न मी धोक्यात घातलं. रागवायचा त्यांना हक्क आहे,” असं त्या म्हणतात, आणि त्यात माफी मागितल्याचा सूर नसतो.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्या शुक्रवारी फळ्यावर प्रश्न आधीच लिहिलेला होता, देवेशच्या अक्षरात: ‘बाईंनी विचारलं ते बरोबर केलं का?’ बाकं भिंतींना लागलेली होती. मागे अपेक्षा बसली होती, माहेरी आली होती म्हणून. केसात मोगरा, पायात नवी जोडवी, सतत पाय हलवत.

“बाई, आज तुमी पण बसायचं,” समिधा म्हणाली. “नियम हाय. नायतर उभं राहा.”

“मी रोजच उभी असते.”

“ते वेगळं. ते शिकवायला.”

बाईंनी खडू ठेवला आणि त्या खिडकीकडच्या पहिल्या बाकावर जाऊन बसल्या. वर्गात एक ‘ओ’ उमटला. मग मुलं आपापल्या जागी गेली. साधारण निम्मी-निम्मी झाली. देवेश दाराकडेच होता.

“बाई, काकीला काय वाटलं असेल, ह्याचा विचार केला का तुमी?” त्याने विचारलं. “ती एवढं सगळं धरून बसलेली.”

“केला. पुरेसा केला की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.”

“काकीला मी विचारलं,” मागून अपेक्षा म्हणाली. “ती म्हणाली, आधी बाईंच्या झिंज्या उपटाव्याशा वाटल्या. मग डीजे बंद झाला तेव्हा तिला समजलं की मला समजलंय. म्हणाली, तिथून पुढचा तास सोपा गेला. त्या खोलीत ती एकटी नव्हती.”

“आणि तुला गं ताई?” देवेश म्हणाला.

“मला अवघड गेला.” अपेक्षाने पाय हलवायचा थांबवला. “वर्गात ‘मला सांगा’ म्हणायला सोपं होतं. आबा तेव्हा रस्त्यापलीकडं टेंपोत बसलेले असायचे. पण ठरवलं मी. नंतर कोणी सांगितलं असतं, तर सगळ्यांनी मिळून माझं लग्न लावलं, एवढंच राहिलं असतं.”

“मग तू कुठं बसतेस आज?” समिधाने विचारलं.

अपेक्षा उठली आणि खिडकीकडे, बाईंच्या मागच्या बाकावर येऊन बसली. देवेश म्हणाला, “बाईंचं नि तुझं मत धरत नाय, दोन मतं फुकट गेली,” आणि जागचा हलला नाही.

साईराजला वेगळंच काही खुपत होतं. “बाई, पण समजा ताई म्हणाली असती, खिडकीकडं. सांगा. तर?”

“तर सांगितलं असतं.”

“तिथंच? काकीसमोर?”

“तिथंच.”

“आणि लग्न?”

“पुढे ढकललं गेलं असतं.”

“बाई, कुंभिवलीची माणसं हायेत,” साईराज म्हणाला. “मांडवातून तुमाला बाहेर जाऊ दिलं असतं का?”

“स्कूटर फाटकाबाहेर लावली होती,” पद्मजा कर्णिक म्हणाल्या. “रस्त्याकडे तोंड करून.”

देवेशने मान वर केली. सावलीत लावतो म्हणून आपण त्या स्कूटरला हात घातला होता, ते त्याला आत्ता आठवलं असावं. “म्हणजे आत जायच्या आधीच तुमचं ठरलं होतं.”

“ठरवायचं तिने, एवढं ठरलं होतं.”

वर्गात पुन्हा गलका सुरू झाला. दाराकडची दोन मुलं उठून खिडकीकडे आली आणि खिडकीकडचा एक दाराकडे गेला. बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, “का बदलली, ते सांग.”